कालवंवाल्याचं इंग्रजी

त्या सकाळी समुद्र दिसतच नव्हता.

धुकं इतकं दाट, की धक्क्याला बांधलेल्या बोटींची नुसती नाकं तेवढी दिसत होती. मे महिन्यात कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या थोंगयंगला हे असं होतंच. योकजी बेटाकडे जाणारी बोट रद्द झाली होती, आणि तिकीट खिडकीच्या आत बसून मी येईल त्याला एकच पाठ म्हणून दाखवत होते — "धुकं आहे. बोट नाही. दुपारी बघू."

मग खिडकीशी एक परदेशी जोडपं आलं. पिकलेले केस, पाठीवर भल्यामोठ्या सॅक. बाईंनी हसून इंग्रजीत काहीतरी विचारलं, आणि गंमत म्हणजे मला ते पूर्ण कळलं. बोट का नाही आणि आता कधी? शाळेपासून कॉलेजपर्यंत मी इंग्रजीच शिकत आले होते, आणि मार्क कायम वरचे. उत्तर डोक्यात तयारसुद्धा झालं — कर्मणी प्रयोगातलं, लांबलचक, दाट धुक्यामुळे सकाळची फेरी रद्द करण्यात आली आहे... पण तिथे 'हॅज' की 'हॅव'? की 'वॉज'?... माझं तोंड उघडं, आवाज गायब. बाई वाट बघतायत. मी वाट बघतेय. कान तापलेत.

"नो बोट!"

मागून आवाज आला. छातीपर्यंत रबरी विजार, हातात प्लॅस्टिकची टोपली, केसांवर धुक्याचे थेंब... एक तरुण रांग मोडून पुढे आला.

"बोट... स्लीप." त्याने दोन्ही तळहात गालाखाली घेऊन डोळे मिटले. "फॉग गो — बोट वेक अप! नाउ, यू... कॉफी!" आणि समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

ते दोघं खळखळून हसले. त्याचे आभार मानून, आनंदाने कॉफी प्यायला निघूनही गेले.

"तुम्हाला इंग्रजी येत नाही वाटतं," तो खिडकीतून डोकावून म्हणाला.

"येतं," मी चिडून म्हटलं. "उत्तम येतं. फक्त... बोलता येत नाही."

"अरे वा. माझं बरोबर उलटं आहे. मला बोलता येतं, फक्त इंग्रजी येत नाही."

हसला. आणि टोपली उचलून धुक्यात दिसेनासा झाला. मला त्याचा इतका राग आला, की दुपारी बोट सुटली तरी तो उतरला नव्हता.

दुर्दैवाने आमच्या साहेबांनी सगळं पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं. नगर वाचनालयात मोठ्यांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग आहे, दासोम, तू जायचंस.

वर्ग घेणाऱ्या मारिसेल बाई मूळच्या फिलिपिन्सच्या. इथल्या एका मच्छीमाराशी लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. आमची गावठी बोली त्या माझ्यापेक्षा ठसक्यात बोलायच्या. पहिल्या दिवशी मला दारात पाहून म्हणाल्या, "ये गं, जागा एकच उरलीये. त्या कालवंवाल्याच्या शेजारी. वास येतो थोडा, पण माणूस बरा आहे."

तोच होता. बान युनजे. खाडीत बापाबरोबर कालवांची शेती करणारा. हातांवर शिंपल्यांचे बारीक बारीक ओरखडे, आणि ते हात टेबलाखाली लपवायची सवय.

"तुम्ही?" तो उजळलाच. "उत्तम येणाऱ्या?"

"बोलू नका माझ्याशी."

"ते तर तुम्हाला शिकायचंय ना इथे?"

पहिला विषय होता, 'मी रोज काय करतो'. युनजे उभा राहिला, छाती फुगवली आणि म्हणाला, "आय ॲम ऑयस्टर."

अख्खा वर्ग हसत सुटला. मीही. हसू दाबायला गेले तर नाकातून आवाज निघाला.

"मी कालव आहे असं झालं ते," मी कुजबुजले. "मी कालवं पिकवतो, असं म्हणा."

"इंग्रजीत सांगा ना," तोही कुजबुजला. "कोरियनमधून सुधारलंत तर मी ऐकणार नाही. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

आमचा व्यवहार असा सुरू झाला. तो चुकायचा, आणि मला ती चूक सहनच व्हायची नाही, म्हणून तोंड उघडावं लागायचं. सगळ्यात जास्त तो उत्तरं देताना चुकायचा. मारिसेल बाई विचारायच्या, "डू यू लाइक रेन?" की हा म्हणायचा, "येस, आय ॲम!"

"आय डू," मी म्हणायची. "विचारताना 'डू' आलं, की उत्तरातही 'डू'."

"पण मला पाऊस आवडतो. आवडणं म्हणजे जवळजवळ मीच पाऊस असणं, नाही का?"

"व्याकरणात नाही."

"मग व्याकरणाचं अवघड आहे."

त्याने इंग्रजी शिकायला घेतलं होतं एका सहा वर्षांच्या मुलीसाठी. त्याची ताई लग्न करून न्यूझीलंडला गेली होती, आणि भाची हेझलला फक्त इंग्रजी यायचं. दर रविवारी फोनवर ती पोर मामाशी भरभर बोलायची, आणि मामाला ओ का ठो कळायचं नाही.

"म्हणून मी सगळ्यालाच 'येस' म्हणतो," तो ओशाळून म्हणाला. "एकदा तिने काहीतरी लांबलचक विचारलं. मी म्हटलं, येस, येस! नंतर ताईने सांगितलं, की ऑगस्टमध्ये तिच्या वाढदिवसाला मी जाणार आहे. आणि जिराफ होऊन नाचणार आहे."

"...जिराफ?"

"शाळेभर सांगून झालंय तिचं. ताईने कापडसुद्धा आणलंय."

मी इतकी हसले, की वाचनालयाच्या काकूंनी दार उघडून डोळे वटारले. तो मात्र हसत नव्हता. माझ्याकडे बघत होता... हसताना मी कशी दिसते ते पाठ करत असल्यासारखा. मी पटकन पुस्तकात डोकं घातलं.

जूनमध्ये विषय आला 'खानावळीत'. मारिसेल बाईंनी गृहपाठ दिला, की दोघादोघांनी खरोखरच्या खानावळीत जायचं आणि कोरियन शब्द न काढता जेवून यायचं. आम्ही धक्क्यावरच्या किंबापवाल्या मावशींकडे गेलो; समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात, सोबत तिखट माकूळ. बाहेर पाऊस लागला होता; आत भाताची वाफ आणि तिळाच्या तेलाचा वास.

"हॅलो," युनजे म्हणाला. "प्लीज... गिव्ह मी... स्क्विड."

मावशींनी कलथा खाली ठेवला. "काय रे, ताप आलाय का तुला?"

"नो. आय ॲम... हंग्री."

"आईच्या पोटात होतास तेव्हापासून ओळखते तुला. माझ्यापुढे हे असलं चालायचं नाही. नीट बोल, नाहीतर उपाशी जा." मग माझ्याकडे वळून, "आणि ही कोण? हिला तरी तोंड आहे का?"

मला हसू आवरेना आणि कोरियन बोलायची तर बंदी. कसंबसं म्हटलं, "वी... आर... स्टुडंट्स."

"स्टुडंट!" तेवढा शब्द मावशींना कळला. "शिकवणी चाललीये होय! पावसात, एका छत्रीतून येऊन? आमच्या वेळी ह्याला शिकवणी नव्हते म्हणत." आणि मुळ्याच्या किमचीचं, त्या आंबट-तिखट लोणच्याचं, ताट माझ्यासमोर जरा जोरातच आदळलं. "खा. हा चांगला आहे, फक्त जरा खुळा आहे."

युनजेचे कान लालभडक झाले होते. खाता खाता तो इंग्रजीत, एकेक शब्द तोलत म्हणाला, "डू यू लाइक... धिस?"

"स्क्विड?"

"नो. धिस." आणि काट्याने खिडकी, पाऊस, टेबल, मी, तो — सगळ्याभोवती एक गोल काढला.

मी पाणी प्यायले. सगळं भांडं संपवलं. मग अगदी शुद्ध इंग्रजीत, बारीक आवाजात म्हटलं, "येस, आय डू."

निघताना पाऊस भुरभुरा झाला होता. "पुढचा धडा रस्ता सांगण्याचा आहे," तो म्हणाला. "सराव करू? मी सांगतो, तुम्ही चाला. पण सांगेन तसंच चालायचं हं."

"गो स्ट्रेट," तो म्हणाला. मी सरळ गेले. "टर्न लेफ्ट." माझं घर उजवीकडे होतं. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मी डावीकडे वळले. बंदराला वळसा घालून, मासळी बाजाराच्या मागून, भिंतींवर चित्रं काढलेल्या त्या चढाच्या गल्ल्यांमधून त्याने मला फिरवलं, आणि आम्ही परत मावशींच्याच दारात आलो! मावशी शटर ओढत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चुकलो वाटतं," युनजे म्हणाला.

"लेफ्ट आणि राइट कळत नाही तुम्हाला?"

"कळतं की." छत्री माझ्याकडे जरा जास्तच कलली होती, त्याचा एक खांदा पूर्ण भिजला होता. "आता आणखी एकदा... टर्न लेफ्ट?"

मी वळले.

भविष्यकाळ जुलैत आला.

प्रत्येकाने उभं राहून आपण पुढे काय करणार ते सांगायचं होतं. कुणी दुकान घालणार होतं, कुणी दात बसवून घेणार होतं. युनजे उठला. त्या दिवशी त्याने छाती फुगवली नाही.

"आय विल गो टू न्यूझीलंड," तो म्हणाला. "माय सिस्टर्स हजबंड हॅज... शिंपल्यांची शेती." तो शब्द त्याला आलाच नाही. "ही सेड, कम. वर्क विथ मी. आय विल वर्क इन... ॲट... ऑन हिज फार्म."

जिराफ होऊन नाचायला जाणं वेगळं. हे वेगळं होतं... हे राहायला जाणं होतं.

आणि मी काय केलं? सवयीने तोंड उघडलं. "'ऑन'," मी म्हटलं. "'ऑन हिज फार्म' बरोबर आहे."

"थँक यू," तो म्हणाला आणि खाली बसला.

वर्ग सुटल्यावर मारिसेल बाईंनी मला हाताला धरून थांबवलं. "अगं, मुलगा गाव सोडून जातो म्हणतोय आणि तू त्याचं शब्दयोगी अव्यय तपासत बसलीस?"

"मग काय बोलायला हवं होतं?"

"ते मी कसं सांगू? मी इथे आले तेव्हा नवऱ्याला पाच शब्द इंग्रजी यायचं आणि मला तीन शब्द कोरियन. त्यात एक 'मीठ' होता. तरी भांडलो, रुसलो, सगळं केलं. व्याकरण नंतर आलं, बाई. मुलं आधी झाली."

पुढच्या वर्गाला मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून आईला सांगितलं, आणि खरंच दुखायला लागलं. त्याच्या पुढच्या दिवशी, ऐन गर्दीत, युनजे तिकीट खिडकीशी आला.

"कुठलं बेट?" मी मान वर न करता विचारलं.

"बेट नको. रविवारी हेझलचा फोन आहे. ती काय विचारेल ते मला एकट्याला कळायचं नाही. तुम्ही... नुसत्या शेजारी बसाल?"

मागच्या आजीबाई खेकसल्या, "ए मुली, हो म्हण एकदा त्याला, बोट सुटेल माझी!"

मी हो म्हटलं.

रविवारी आम्ही त्यांच्या कालवांच्या शेडपाशी बसलो, कालवं वाढवायला पाण्यात सोडतात त्या रिकाम्या शिंपल्यांच्या माळांच्या ढिगाशेजारी. जुलैचं उकडत होतं. त्याचे वडील, अप्पा, थोड्या अंतरावर दोर गाठत होते आणि आमच्याकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत होते. फोन युनजेने समोर टेकवून ठेवला. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला सरकून बसले.

हेझलचे पुढचे दोन दात पडले होते. ते कसे पडले हे तिने साग्रसंगीत सांगितलं. मी हळूच युनजेला अर्थ सांगत होते, आणि तो, खरंच सांगते, निम्म्याहून जास्त आपणच समजत होता, चुकत-माकत उत्तरंही देत होता. मग ती एकदम थांबली.

"तिथे कोणाचं तरी कोपर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "कोणाचं?"

"माय... टीचर," युनजे म्हणाला.

"ती छान आहे?"

"येस."

हेझलने नाक फोनला चिकटवलं. "डू यू लव्ह हर?"

मी त्याला अर्थ सांगितला नाही. कसा सांगणार? तो आता 'येस' म्हणणार, नेहमीसारखं, न समजता... आणि मग मला आयुष्यभर कळणार नाही, की —

माळा हलक्याच वाजत होत्या वाऱ्याने. मग त्याने माझ्याकडे नाही, फोनकडेही नाही, आपल्या ओरखडलेल्या हातांकडे बघत सावकाश म्हटलं,

"येस. आय डू."

'डू'. बरोबर 'डू'. मी इतक्यांदा सांगूनही त्याच्या तोंडात कधी न बसलेलं.

पलीकडे हेझल किंचाळत आईला बोलवायला पळाली. युनजेने घाईघाईने फोन पालथा घातला.

"प्रश्न... कळला होता तुम्हाला?" मी विचारलं.

"सगळा. तीन-चारच तर शब्द होते." त्याने आता वर बघितलं. "चुकलं का काही?"

"नाही." मी मान हलवली. "काहीच नाही चुकलं."

"मग सुधारायला काहीच नाही?"

"आहे. ते शिंपल्यांच्या शेतीचं वाक्य. तिथे 'विल' म्हणालात तुम्ही. 'विल' म्हणजे ठरलं. ठरलंय का?"

"नाही." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दाजी बोलावतायत. अप्पा म्हणतात जा, इथे काय ठेवलंय. मला... मला कळत नाहीये. मी वर्गात ते बोललो, कारण तुम्ही काहीतरी म्हणाल असं वाटलं होतं."

"आणि मी 'ऑन' म्हटलं."

"तुम्ही 'ऑन' म्हटलंत."

आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि हसता हसताच माझे डोळे भरले. मग मी सगळं बोलले. आपल्या भाषेत, अडखळत, इंग्रजीत अडखळते त्याहून जास्त अडखळत. "तुम्ही मला आवडता. कधीपासून ते विचारू नका, मला चिडचिडीतून वेगळं करता येत नाही ते. थांबा असं मी म्हणणार नाही. जा. हेझलसाठी जा, शेतीही नीट बघून या. पण नुसतं 'येस' म्हणून राहू नका तिथे. विचार करा आणि परत या."

"आणि तिथलं आवडलं तर?"

"तर परत येऊन तसं सांगा. मग आपण दोघं मिळून बघू. विमानात मलाही बसता येतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "'विचार करा, परत या'... हा कुठला काळ?"

"काळ नाही. आज्ञार्थ."

"अरे!" तिकडून अप्पांचा आवाज आला. "तुमचं इंग्रजी झालं असेल तर दोर धरायला या कुणीतरी! आणि पोरगी रडत का होती रे? काय शिकवतोस तिला?"

ऑगस्टच्या उकाड्यात तो बॅगेत लोकरीचे स्वेटर भरून गेला. तिकडे म्हणे थंडी होती. रोज मला त्याचा आवाज यायचा, इंग्रजीत रेकॉर्ड केलेला. आज पाऊस होता. आज जिराफ झालो, शेपूट तुटली. आज दाजींच्या बोटीवर गेलो, समुद्र मोठा आहे, शिंपले हिरवे आहेत. मधूनच हेझलचा आवाज घुसायचा, मामाचं वाक्य दुरुस्त करून पळून जायचा. मी काहीच दुरुस्त करत नव्हते. मी नुसती ऐकायची. एकदा तो कोरियनमधून बोलला, खूप थकलेल्या आवाजात. "इथे सगळं चांगलं आहे. लोक चांगले आहेत. पण संध्याकाळी काम संपलं, की मी कुठे वळायचं हे सांगायला कोणी नाही."

त्यानंतर तो काही दिवस राहायचं की परतायचं याविषयी बोललाच नाही, आणि मीही विचारलं नाही. ते विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. अवघड गेलं... पण नाही विचारलं.

सप्टेंबरच्या शेवटी, भर दुपारी, विमानतळावरून येणारी बस स्टँडवर लागली. मी साहेबांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आले होते. कारण सांगितलं नव्हतं, पण ते म्हणाले होते, "जा जा. सगळ्या धक्क्याला माहीत आहे."

युनजे उतरला. उन्हात, अंगात तोच जाड स्वेटर. बॅगेत जागा उरली नसेल. घामाने निथळत होता. माझ्यापासून दोन पावलांवर येऊन थांबला आणि आम्हा दोघांनाही कुठल्याच भाषेत काही सुचेना.

"दाजींना नाही म्हणालो," शेवटी तो म्हणाला. "नीट विचार करून. आधी इंग्रजीत म्हणालो, मग ताईला कोरियनमध्ये. दोन्हीकडे तेच निघालं."

"का?"

"तिथे मी पाहुणा आहे. चांगला पाहुणा, पण पाहुणाच. इथे खाडी आहे, अप्पा आहेत..." तो थांबला. "आणि मला शिकवणी पुरी करायचीये."

"ती लवकर नाही संपणार," मी म्हटलं.

"बरं झालं."

मी हात पुढे केला, बॅग घ्यायला. त्याने बॅग दिली नाही, हात घेतला. ओरखडे बरेच मिटले होते, पण तळवा तसाच होता, राकट आणि कोमट. आता लपवत नव्हता तो.

रस्त्यापलीकडून अप्पांच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग न थांबता.

"चल," मी म्हटलं.

तो जागच्या जागी थबकला. मीही. इतके महिने 'चला', 'बसा', 'सांगा', आणि आज तोंडातून हे असं, आपसूक...

"काय म्हणालीस?" त्याने हळूच विचारलं.

माझे कान तापले. पण मी मान खाली घातली नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "तो स्वेटर काढ आधी. आणि बस गाडीत."